ताटातलं दफ्तर : परभणीचा रानभाजी महोत्सव आणि आपला विसरलेला इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय फलकावर पाहिला तेव्हा एक जुने विद्यार्थी मला म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासवाले. खाद्य महोत्सवावर काय बोलणार? खाल्लं, ढेकर दिली, घरी आलो, एवढंच ना?" (हशा) मी त्यांना म्हटलं, बसा तासभर. नाही पटलं तर चहा माझ्याकडून.

आपण परभणीची माणसं. "बनी तो बनी, नहीं तो परभनी" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो आणि उगाच कॉलर ताठ करतो. पण परभणीचं म्हणून काही खास खाणं सांगा असं बाहेरच्या माणसानं विचारलं, की आपण गप्प. औरंगाबादकर लगेच नान-खलिया सांगतो. कोल्हापूरकर तर प्रश्न संपायच्या आत तांबडा-पांढरा म्हणतो. आपण म्हणतो, "आमच्याकडं काय, आपलं साधंच. भाकरी, भाजी." या "साधंच"मध्ये काय काय दडलंय त्याचा शोध मला महोत्सवाच्या मांडवात लागला. कुठल्या ग्रंथालयात लागला नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

आधी महोत्सव म्हणजे कोणता ते सांगतो. दर ऑगस्टमध्ये कृषी विभाग आणि 'आत्मा' यांच्या वतीनं रानभाजी महोत्सव भरतो. 2020 साली राज्यभर तो सुरू झाला आणि त्यासाठी 9 ऑगस्ट हा दिवस निवडला गेला. आपण त्या दिवसाला क्रांतिदिन म्हणून ओळखतो, पण तोच जागतिक आदिवासी दिनही आहे. म्हणून रानभाज्या. जिल्ह्याच्या ठिकाणी भरतो, तालुक्यांच्या ठिकाणीही भरतो. मांडव, टेबलं, टेबलावर जुड्या, आणि टेबलामागं बचत गटाच्या बाया. काही ठिकाणी शिजवलेली भाजी आणि भाकरीही मिळते. वरवर पाहिलं तर आठवडी बाजारातली एक रांग उचलून मांडवात आणली, इतकंच.

मी पहिल्यांदा गेलो तो खरं सांगायचं तर घरच्यांनी पिशवी हातात दिली म्हणून. करटुली आणायला सांगितलं होतं. करटुली घेतली आणि निघणार, तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एक पालेभाजी दिसली. बारीक, मांसल पानं, लालसर देठ. मी विचारलं, "मावशी, ही घोळ ना?" मावशी म्हणाल्या, "घोळ मोठी आस्ती सर. ही चिघळ." पलीकडच्या टेबलावरची जिंतूरकडची बाई लगेच म्हणाली, "आमच्याकडं हिलाच घोळ म्हंत्यात." झालं. दोघींची जुंपली. दहा मिनिटं मी पिशवी हातात धरून उभा. चव कशी, आंबट किती, कोणती डाळ घालायची, दगडावर उगवलेली बरी की वाफ्यातली बरी. त्या दहा मिनिटांत मला कळलं की हे जे चाललंय त्याची कुठंही नोंद नाही. ना गॅझेटियरमध्ये, ना महसुलाच्या कागदात, ना आपल्या पाठ्यपुस्तकात.

आता इथं थोडं इतिहासात जाऊ.

अन्नाचा लिखित इतिहास आपल्याकडं नाही असं नाही. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्यापासून फार लांब नाही. आपला हा सगळा मुलूख त्या काळी त्यांच्या राज्यात होता. त्या ग्रंथात अन्नभोग म्हणून एक प्रकरण आहे. त्यात मांडे आहेत, वडे आहेत, आज आपण ज्याला इडली-डोसा म्हणतो त्यांच्या पूर्वजांची नावं आहेत, मांस भाजण्याच्या रीती आहेत. वाचताना तोंडाला पाणी सुटतं. पण ते ताट राजाचं आहे. शेतात निंदायला गेलेल्या बाईच्या फडक्यात काय बांधलेलं होतं, ते राजानं कशाला लिहावं?

शंभर-दीडशे वर्षांनी 'लीळाचरित्र' येतं. तिथं मात्र गंमत आहे. चक्रधरस्वामी गोदावरीच्या काठानं हिंडतात, कुणाच्या घरी काय वाढलं, कुणी काय आणलं, याच्या बारीकसारीक नोंदी त्यात येतात. मराठी माणसाच्या रोजच्या खाण्याची इतकी जुनी आणि इतकी सहज नोंद दुसरी सापडणं कठीण. भक्तांनी आठवणी जपल्या, म्हैंभटांनी त्या गोळा केल्या, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. आणि पुढं याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई. त्यांचं नाव घेतलं की जातं डोळ्यासमोर येतं. दळण हा या मुलखातल्या बाईच्या आयुष्याचा केवढा मोठा भाग होता, हे त्या एका प्रतिमेत आहे.

त्यानंतर मात्र आपलं खाणं कागदावर येतं ते सारा, लेव्ही आणि दुष्काळ यांच्या निमित्तानं. म्हणजे सरकारला धान्य हवं असतं तेव्हा, किंवा लोकांना ते मिळत नाही तेव्हा. मधल्या काळात लोक काय खात होते याची सरकारला पर्वा नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं इम्पीरियल गॅझेटियर उघडा. परभणी जिल्हा म्हणजे ज्वारी आणि कापूस, संपलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजामाच्या राज्यात सक्तीची धान्य लेव्ही लागली. पेवात, बळदात ठेवलेली ज्वारी बाहेर निघाली. हल्लीच्या पोरांना पेव म्हणजे काय ते सांगावं लागतं. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, त्यात ज्वारी भरून तोंड बंद करायचं. उघडताना आत लगेच उतरायचं नाही, कारण आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस दगावतो. आधी हवा खेळू द्यायची. हे शहाणपणसुद्धा तोंडीच होतं बरं का.

आणि मग 1972.

समोर बसलेल्यांपैकी पांढऱ्या केसांच्या लोकांना मी हे काय सांगू. एक योगायोग मात्र सांगतो. आपलं कृषी विद्यापीठ स्थापन झालं 18 मे 1972 रोजी. त्यासाठी इथल्या लोकांना आंदोलन करावं लागलं, ते मिळालं, आणि त्याच वर्षी पावसानं दगा दिला. मे 1973मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची. खायला सुकडी, आणि अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्या मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली ते लोक तिचं नाव अजूनही तोंड वाकडं करून घेतात. माझ्या आजीनं शेवटपर्यंत तांबड्या रंगाचं कुठलंच धान्य घरात घेऊ दिलं नाही. नाचणीसुद्धा नाही. (हशा) आज हसतोय आपण. पण ज्या पिढीनं परक्याची जनावराची ज्वारी खाऊन दिवस काढले, तिच्या मनात काय बसलं असेल त्याचा विचार करा. बरबड्याच्या बियांची भाकरी खाल्ल्याच्या, ओढ्याकाठचा पाला ओरबाडून आणल्याच्या आठवणी तुम्हाला प्रत्येक गावात ऐकायला मिळतील.

इथं माझा मुद्दा आहे. रानभाजी ही आपल्याकडं दोन वेगळ्या वाटांनी ताटात आली. एक वाट हौसेची. पहिला पाऊस पडला, तरोटा उगवला, कुरडू उगवली, ती एकदा तरी खायचीच. दुसरी वाट नाइलाजाची. दुसरं काही नाही म्हणून खायचं. 72नंतर या दोन वाटा लोकांच्या मनात एक झाल्या. रानातलं खाणं म्हणजे दळभद्री खाणं, असं समीकरण बसलं. ज्वारीचंही थोडंफार तेच झालं. पाहुणा आला की पोळी. भाकरी घरच्यांपुरती. मुलीला बघायला आलेल्या लोकांसमोर भाकरीचं ताट ठेवलंय, असं तुम्ही कधी पाहिलंय? मी नाही पाहिलं.

ज्वारी का गेली, याचं एकच कारण सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका. 1960च्या दशकात देशात ज्वारीखाली साधारण 1 कोटी 80 लाख हेक्टर जमीन होती. आज ती 40 लाख हेक्टरच्या आसपास आली आहे. 1964 साली सीएसएच-1 हा पहिला संकरित वाण आला, उत्पादन वाढलं, पण खरिपाची ज्वारी दाणे भरताना पावसात सापडली की काळी पडते. काळ्या ज्वारीला बाजारात कोण विचारतो? रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाला. जायकवाडीचा डावा कालवा आला तिथं ऊस आला, केळी आली. बैल कमी झाले, मग कडब्याची गरज कमी झाली. ज्वारी काढायला, खुडायला मजूर मिळेना, पाखरं राखायला पोरं मिळेनात, कारण पोरं शाळेत गेली, आणि ते चांगलंच झालं. मग सोयाबीन आलं. शंभर-सव्वाशे दिवसांत पीक, मळणीयंत्रातून थेट पोत्यात, पोत्यातून थेट मोंढ्यात.

आणि एक बारीक कारण आहे, ते मला महोत्सवातल्याच एका बाईनं सांगितलं. ज्वारीचं पीठ टिकत नाही. आठ-पंधरा दिवस झाले की पिठाची विरी जाते. मग भाकरी थापताना फुटते. गव्हाच्या पिठाची पुडी दुकानात महिना-दोन महिने पडून राहिली तरी चालतं. म्हणजे शहरातल्या दुकानदारीला ज्वारीचं पीठ मुळातच सोयीचं नाही. बघा, एका 'विरी' शब्दात केवढं अर्थशास्त्र आहे! हा शब्द माझ्या नातीला माहीत नाही. तुमच्यापैकी किती जणांच्या मुलांना माहीत असेल?

या सगळ्याचा एकत्र परिणाम काय झाला? पूर्वी शेतात जे पिकायचं तेच घरात शिजायचं. ज्वारीच्या पाटात तूर, मूग, उडीद, तीळ, अंबाडी, बांधाला चार भोपळ्याचे वेल. एका शेतात अख्ख्या वर्षाचं ताट असायचं. आज कापूस आणि सोयाबीन. दोन्ही घरात शिजत नाहीत. (कुणीतरी : "सोयाबीनची वडी!") हो, सोयाबीनची वडी आहे, पण ती कारखान्यातून फिरून दुकानात येते आणि आपण ती विकत आणतो. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली बाई तेल, डाळ, पीठ, भाजी सगळं बाजारातून आणते. हा बदल आपल्या डोळ्यांदेखत, तीस-चाळीस वर्षांत झाला. निजाम गेला, राज्यं बदलली, त्याच्या तारखा आपण पाठ करतो, 17 सप्टेंबरला झेंडावंदन करतो. हा बदल मात्र कुठल्या तारखेला झाला ते कुणाला सांगता येत नाही.

आता परत मांडवात येऊ. तिथं जाऊन मिळतं काय, हे तुम्ही विचाराल.

पहिली गोष्ट, रीत मिळते. रानभाजी ओळखणं आणि शिजवणं हे फोटो बघून करायचं काम नाही. यूट्यूबवर बघून कुणी काहीही उपटून खाऊ नये, हे हात जोडून सांगतो. कोवळं पान कोणतं, फुलावर आलेली का घ्यायची नाही, उकळून पाणी का ओतून द्यायचं, सुरणाला चिंच का लागते, तरोटा पावसाच्या सुरुवातीचाच का खायचा, हे ज्या बाईनं आयुष्यभर केलंय तिच्याकडूनच समजून घ्यावं. महोत्सवात ती समोर उभी असते आणि तिला वेळ असतो. बाजारात तिला वेळ नसतो, मापात आणि सुट्ट्या पैशात ती गुंतलेली असते. मी अंबाडी आयुष्यभर खाल्ली, पण तिच्यात कण्या का घालतात ते मला साठी उलटल्यावर कळलं. मी म्हणायचो, भाजी वाढावी म्हणून. बाई म्हणाल्या, "वाढाया नाही सर, आंबटपणा धरून ठिवाया." कण्या शिजून मऊ होतात, आंबट रस पितात, आणि भाजी भाकरीवरून ओघळत नाही. कारण ती भाकरी शेतात न्यायची असते, फडक्यात बांधून. ताट नसतं, भाकरी हेच ताट. म्हणजे त्या भाजीचा घट्टपणा कुठून आला? कामाच्या जागेवरून आला.

दुसरी गोष्ट नावांची. मी मघाशी घोळ-चिघळीचं भांडण सांगितलं. तेव्हापासून मी वही घेऊन जातो. कुंजीर, केना, पाथरी, आघाडा, तांदुळजा, कुरडू, करटुली, हादगा. एकेका वनस्पतीला तालुकापरत्वे, कधी जातीपरत्वे वेगळं नाव. जिंतूरच्या बाजूला आणि पलीकडं हिंगोलीत आंध आदिवासींची वस्ती आहे. तांड्यांवर बंजारा समाज आहे. त्यांची नावं आणखी वेगळी, आणि जाणही आपल्यापेक्षा जास्त. आमच्यासारखे पांढरपेशे घरातले लोक ज्या गवताला तण म्हणतात, त्यात ती माणसं पाच भाज्या वेगळ्या काढून दाखवतात. माझ्या वहीत आजवर चाळीसच्या वर नावं जमली. त्यातली काही मी दुसऱ्या वर्षी विचारली तर सांगणारी म्हातारी त्या वर्षी आलेली नव्हती. तिच्या सुनेला ते नाव माहीत नव्हतं.

पाथरीवरून आठवलं. महोत्सवात एका तरुण पत्रकारानं मला विचारलं, "सर, ही भाजी पाथरी तालुक्यातली का?" (हशा) हसू नका. त्यानं विचारलं तरी. न विचारणारे जास्त आहेत.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. भाज्या गेल्या का, या प्रश्नाला महोत्सवातल्या बाया फार सरळ उत्तर देतात. "फवारा." तणनाशक. सोयाबीनमध्ये तणनाशक मारलं की कुंजीर, केना, तांदुळजा सगळं एका झटक्यात जातं. पूर्वी निंदायला-खुरपायला दहा-बारा जणी रांगेनं बसायच्या. खुरपताना जे खाण्याजोगं ते ओट्यात, बाकीचं बांधावर. संध्याकाळी मजुरी आणि भाजी दोन्ही घेऊन घरी. तणनाशकानं शेतकऱ्याचा खर्च वाचला, हे नाकारून चालणार नाही. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला, खुरपणीला माणसं न मिळाल्याची तगमग मला माहीत आहे. भर उन्हात दिवसभर उकिडवं बसून खुरपणं हे काही रम्य काम नव्हतं, कंबर मोडून जायची. पण त्या एका फवाऱ्यानं बाईची मजुरी गेली, तिची फुकटची भाजी गेली, आणि रांगेत बसून म्हातारीकडून पोरीकडं जाणारी ओळख गेली, हेही तितकंच खरं. गंमत अशी की सरकारचं एक हात तणनाशकाची शिफारस करतं आणि दुसरा हात रानभाजीचा महोत्सव भरवतो. मी याला ढोंग म्हणणार नाही, दोन्ही गरजा खऱ्या आहेत. पण मांडवात हे दोन्ही हात एकमेकांना भेटावेत, एवढी अपेक्षा आहे.

महोत्सवाबद्दल तक्रारी माझ्याही आहेत. एका गावी, गावाचं नाव घेत नाही, सकाळी दहाचं उद्घाटन साडेबाराला झालं. पाहुणे यायचे होते. तोवर बायांनी पहाटे खुडून आणलेली पालेभाजी मान टाकून पडली. एक आजी तांब्यातलं पाणी शिंपडत होत्या, पुन्हापुन्हा. भाषणं झाली, फोटो झाले, पाहुणे एक करटुलं हातात धरून हसले आणि गेले. मग गर्दीही पांगली. त्या दिवशी आजींच्या अर्ध्या जुड्या परत गेल्या. येण्याजाण्याचं भाडं निघालं का, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. म्हणून मी म्हणतो, जायचं तर उद्घाटनाला जाऊ नका, दुकानं मांडल्याबरोबर जा. आणि विकत घ्या. नुसतं "वा, छान उपक्रम" म्हणून फिरून येणारा माणूस त्या बाईच्या काही उपयोगाचा नाही.

पण त्याच मांडवात मी दुसरंही पाहिलंय. टेबलावर पुठ्ठ्याची पाटी, पाटीवर बाईचं नाव, गावाचं नाव, भाजीचं नाव. एका बाईला मी म्हटलं, अक्षर छान आहे. ती म्हणाली, "माझं नाव आहे सर ते, नवऱ्याचं नाही." सातबाऱ्यावर नाही, घराच्या कागदावर नाही, पण कुरडूच्या जुडीपुढं तिचं नाव. ती पाटी तिनं संध्याकाळी घडी करून पिशवीत ठेवली. टाकून दिली नाही.

थोडं विद्यापीठाबद्दल. कारण परभणीत बसून ज्वारीवर बोलायचं आणि विद्यापीठाचं नाव घ्यायचं नाही, असं कसं चालेल. परभणी मोती, परभणी ज्योती ही नावं तुम्हाला ठाऊक आहेत. 2018 साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेच्या सहकार्यानं 'परभणी शक्ती' हा वाण आला. देशातला पहिला जैवसमृद्ध ज्वारीचा वाण. साध्या ज्वारीत किलोमागं साधारण 30 मिलिग्रॅम लोह असतं, यात 45च्या आसपास. जस्त 20च्या जागी 32. म्हणजे रक्त कमी असलेल्या बाईच्या भाकरीतच काहीतरी जास्त जावं, असा तो विचार. हुरड्यासाठी 'परभणी वसंत' आहे. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, तेव्हा गावोगाव ज्वारीचे केक, ज्वारीचे लाडू, ज्वारीचा पास्ता यांच्या स्पर्धा झाल्या. मी एका स्पर्धेला परीक्षक होतो. बावीस पदार्थ चाखले. भाकरी एकीनंही आणली नव्हती. मी विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "सर, भाकरीला कोण बक्षीस देणार?" उत्तर माझ्याकडं नव्हतं. पुढच्या वर्षी आयोजकांना सांगून आम्ही भाकरी थापण्याची वेगळी स्पर्धा घेतली. गोल, पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली. पहिलं बक्षीस एका साठीतल्या बाईला गेलं, आणि दुसरं एका मुलाला. पॉलिटेक्निकचा पोरगा, खोलीवर राहतो, स्वतः करून खातो. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. बाईंनी ते मनाला लावून घेतलं, आणि त्यांचं बरोबर होतं. पुरुषानं एक भाकरी थापली की कौतुक, बाईनं पन्नास वर्षं थापल्या तर ते कर्तव्य.

तर मूळ खाद्य महोत्सव आपल्याकडं नव्हतेच का? होते. पण त्यात कुणी विकणारा नव्हता. वेळ अमावस्या घ्या. मार्गशीर्ष अमावस्येला आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडं, पुढं लातूर-धाराशिवकडं तर गावं अक्षरशः ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, पूजा करायची, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. भज्जीत तूर, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे, पालेभाज्या, त्या दिवसांत रानात जे आहे ते सगळं. सीमेपलीकडं बिदर-कलबुर्गीत हाच सण एळ्ळ अमावस्या म्हणून होतो. एळ्ळ म्हणजे कानडीत तीळ. भाषेची सीमा 1956 साली आखली गेली, भज्जीची सीमा अजून कुणाला आखता आली नाही. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून जेवायला बसवायचं, अशी रीत. जात विचारायची नाही, असं म्हणतात. म्हणतात असं मी मुद्दाम म्हणतोय. कारण माझ्या लहानपणी हाक सगळ्यांना जायची, पण पंगत एक नसायची. काही जण कोपीच्या बाहेर, वेगळ्या पत्रावळीवर. हे मी पाहिलंय. जुन्याचं कौतुक करताना हे झाकून ठेवलं तर मी इतिहासाचा मास्तर कसला?

म्हणून मला मांडवातलं टेबल आवडतं. तिथं दहा रुपयांची भाकरी घेणारा कोण आणि थापणारी कोण, हे कुणी विचारत नाही. तिथं पैसे दिले की सगळे सारखे. पैशाच्या व्यवहारात माणुसकी नसते असं आपण सहज म्हणून जातो. ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांना विचारा, त्यांच्या हातची भाजी-भाकरी रांग लावून विकत घेतली जाते तेव्हा काय वाटतं.

वेळ संपत आला. येसराबद्दल एक सांगतो आणि थांबतो. आपल्याकडच्या लग्नातली येसराची आमटी हल्ली कुठं मिळत नाही, केटररला ती येत नाही. धान्यं, डाळी, मसाले भाजून जात्यावर दळायचे, लग्नाच्या आधी आठ दिवस घरात तो वास कोंदलेला असायचा. मी दोन वर्षं महोत्सवात त्याचं प्रमाण विचारत फिरलो. प्रत्येकीचं वेगळं. एकीनं धन्याला जोर दिला, एकीनं म्हटलं बाजरी घातल्याशिवाय येसर होतच नाही, तिसरी म्हणाली बाजरी घातली तर तो येसर नव्हे. शेवटी सोनपेठकडच्या एका आजींनी मला सांगितलं, "मास्तर, असं उभ्या-उभ्या सांगता येत नाही. घरी या, भाजताना बसा." अजून जायचं राहिलंय. या दिवाळीनंतर जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर खाली वहीत नाव लिहून ठेवा. आणि ते माझे विद्यार्थी कुठं आहेत, चहाचं काय ठरलं?

(प्रश्नोत्तरं ध्वनिमुद्रणात स्पष्ट नसल्यानं इथं दिलेली नाहीत.)